ड्युरँडची फायनल आणि बंद झालेला बरोबरीचा दरवाजा

ड्युरँड कप या फुटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांची यादी वरून खाली वाचत आलात, तर १९६० आणि १९८२ या दोन ओळींवर नजर अडखळते. तिथं एका नावाच्या जागी दोन नावं आहेत: मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. कोलकात्याचे हे दोन हाडवैरी अंतिम सामन्यात भिडले, निकाल लागेना, शेवटी दोघांनाही विजेते म्हणून जाहीर केलं गेलं. १९६० मध्ये तर सामना पुन्हा खेळवूनही कोंडी फुटली नाही. फेडरेशन कपमध्येही १९७८ आणि १९८० साली या दोघांनी कप असाच वाटून घेतला होता.

आज हे होत नाही. फायनल म्हटली की त्याच दिवशी, त्याच मैदानावर एकाच्या हातात कप द्यायचा. साखळी सामन्याला तीन निकाल असतात: जिंकलो, हरलो, बरोबरी. फायनलमध्ये तिसरा निकाल काढून टाकलेला असतो. ऐकायला बदल किरकोळ वाटतो. पण प्रशिक्षक बदली खेळाडू कधी उतरवतो, पिवळं कार्ड घेतलेला मध्यरक्षक चेंडूवर कितपत तुटून पडतो, पोलिस कुठलं गेट कोणासाठी उघडतात, हे सगळं त्या एका बदलामुळे वेगळं होतं. ३ सप्टेंबर २०२३ ची ड्युरँड फायनल याच दोन क्लबांमध्ये झाली. ती समोर ठेवली की बरंचसं उलगडतं.

वैर कशाचं

मोहन बागान १८८९ चा क्लब, ईस्ट बंगाल १९२० चा. बागान म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे ‘घोटी’ आणि ईस्ट बंगाल म्हणजे पूर्वेकडून, आजच्या बांगलादेशातून आलेले ‘बांगाल’, अशी ढोबळ विभागणी सांगतात. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले तशी ती आणखी घट्ट झाली. आता पोरं आपापल्या मनानं क्लब निवडतात, तरी बागान जिंकलं की कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश मासा, ही चाल टिकून आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ पाहिलेल्या कोल्हापूरकराला अधिक सांगायला नको. पेठेच्या जागी अख्खं शहर धरायचं, एवढंच.

ड्युरँडही साधी स्पर्धा नाही. १८८८ मध्ये शिमल्यात मॉर्टिमर ड्युरँड यांनी ती सुरू केली. सुरुवातीला ती लष्करी पलटणींची स्पर्धा होती आणि आजही ती सैन्यदलंच भरवतात. १९४० मध्ये ती दिल्लीला आली आणि त्याच वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंगनं ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून कप घेतला. गेली काही वर्षं तिचं मुख्य ठाणं कोलकाता आहे. त्याआधी ती हिंडतही होती: २०१४ ची फायनल गोव्यात झाली आणि साळगावकरनं पुणे एफसीला १–० असं हरवलं.

हरूनही फायनलला

नवख्या प्रेक्षकाचा इथंच गोंधळ उडतो. २०२३ मध्ये बागान आणि ईस्ट बंगाल एकाच गटात होते. १२ ऑगस्टला गटातल्या सामन्यात नंदकुमार शेखरच्या गोलवर ईस्ट बंगालनं बागानला १–० हरवलं. जानेवारी २०१९ नंतर डर्बीतला, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन क्लबांच्या लढतीतला, त्यांचा हा पहिला विजय. मग हरलेला बागान तीन आठवड्यांनी फायनलला कसा?

मांडणी अशी होती. २४ संघ, चार-चारांचे सहा गट, प्रत्येकाला तीन सामने. उपांत्यपूर्व फेरीला आठ संघ लागतात आणि गटविजेते होतात सहाच. उरलेल्या दोन जागा दुसऱ्या क्रमांकावरच्या सहा संघांपैकी सर्वांत चांगल्या दोघांना. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. ईस्ट बंगालनं बागानला आणि पंजाबला १–० हरवलं, पण बांगलादेश आर्मीशी २–२ बरोबरी केली. झाले सात गुण. बागाननं बांगलादेश आर्मीला ५–० आणि पंजाबला २–० झोडपलं आणि डर्बी गमावली. सहा गुण, आणि गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले) अधिक सहा. दुसऱ्या क्रमांकाचा संघ म्हणून आत शिरताना हाच फुगलेला गोलफरक कामाला येतो. ५–० झाल्यावरही सहाव्या गोलसाठी धडपडणारा संघ पाहून कुणी हसत असेल तर हसू नये. तो पुढच्या फेरीचं तिकीट काढत असतो.

गटातला पराभव असा भरून काढता येतो. पुढच्या फेऱ्यांत ती सोय नाही. बागाननं उपांत्यपूर्व फेरीत मुंबई सिटीला ३–१ आणि उपांत्य फेरीत एफसी गोवाला २–१ असं घरी पाठवलं. म्हणजे आपल्याकडच्या दोन्ही संघांची वाट एकाच क्लबानं अडवली. ईस्ट बंगालनं गोकुलम केरळला हरवलं आणि उपांत्य सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध ०–२ अशा पिछाडीवरून बरोबरी साधली. बरोबरीचा गोल पडला तो ९० मिनिटं उलटून गेल्यावर, भरपाईच्या सातव्या मिनिटाला. मग टायब्रेकर, म्हणजे पेनल्टीचे फटके, ५–३.

आता कॅलेंडर बघा. ईस्ट बंगालचा उपांत्य सामना २९ ऑगस्टला, बागानचा ३१ ऑगस्टला, फायनल ३ सप्टेंबरला. एका संघाला मधे चार मोकळे दिवस, दुसऱ्याला दोनच. सामन्यात खेळाडू साधारण दहा-अकरा किलोमीटर धावतो, त्यातलं बरंचसं झटक्यानं वेग घेत आणि झटक्यानं थांबत. ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोलकात्याच्या दमट हवेत अंगातलं मीठपाणी भरभर जातं. दोन दिवसांत पाय सैल होतात, ताजे होत नाहीत. अशा संघाचा प्रशिक्षक आदल्या सामन्यात कोण किती मिनिटं खेळला ते आधी पाहतो, मगच अकरा जणांची नावं लिहितो.

मैदान कोणाचं?

फायनल तटस्थ ठिकाणी असावी हे तत्त्व. इंग्लंडची एफए कप फायनल वेम्बलीला होते ती म्हणूनच. कोलकात्यात तटस्थ मैदान आणायचं कुठून? सॉल्ट लेकचं विवेकानंद युवा भारती क्रीडांगण दोघांनाही घरासारखं. इथंच १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षकांची नोंद आहे. त्या दिवशी भाइचुंग भुतियाच्या हॅटट्रिकवर ईस्ट बंगालनं ४–१ असा विजय मिळवला होता. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी बाकं काढून खुर्च्या बसवल्या, त्यामुळे आता एवढी गर्दी मावत नाही. तीच गोष्ट बरी.

घरचं-पाहुण्याचं नसलं तरी प्रेक्षक विभागावेच लागतात. पद्धत अशी: स्टेडियमचे भाग दोन समर्थकांमध्ये वाटायचे, तिकिटावर भाग आणि गेट छापायचं, दोन्ही बाजूंच्या वाटा रस्त्यापासूनच वेगळ्या ठेवायच्या. जिथं दोन गट भिडतात तिथं काही रांगा रिकाम्या सोडायच्या आणि पोलिस उभे करायचे. सामना संपला की एका बाजूला आधी सोडायचं आणि दुसरीला थांबवून ठेवायचं. गडबड होते ती बहुधा या तपशिलात. तिकीट हातोहात विकलं जातं आणि लाल-पिवळा शर्ट घातलेला माणूस हिरव्या-मरून घोळक्यात येऊन बसतो. किंवा गेटवर तपासणी सावकाश चालते, सामना सुरू व्हायची वेळ होते आणि मागून रेटारेटी सुरू होते. चेंगराचेंगरीत मागच्याला पुढचं दिसत नसतं, म्हणून दाब वाढतच जातो. अशा वेळी सामना दहा मिनिटं उशिरा सुरू केला आणि तसं ध्वनिक्षेपकावर सांगितलं, तर रेटा तिथल्या तिथं ओसरतो.

१६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या लीग सामन्यात स्टँडमध्ये दंगा झाला आणि १६ प्रेक्षक गेले. कोलकात्यात तो दिवस आजही पाळला जातो.

बासष्टावं मिनिट

फायनलचा पहिला तास बहुतेक वेळा कंटाळवाणा असतो आणि त्याला कारण आहे. साखळीत ०–१ झालं तर उरलेल्या सामन्यांत भरून काढता येतं. इथं पहिला गोल खाल्ला की प्रतिस्पर्धी मागे सरकून दार लावून घेतो आणि ते फोडायला वेळ मोजकाच असतो. म्हणून दोन्ही संघ सुरुवातीला चूक टाळायला खेळतात: बॅक फारसे पुढे जात नाहीत, गोलरक्षक लांब मारतो, मध्यात कुस्ती चालते. २०२३ लाही मध्यंतर गोलशून्यच गेलं.

मग ६२ व्या मिनिटाला बागानचा मध्यरक्षक अनिरुद्ध थापा बाहेर गेला. उडता चेंडू घ्यायला त्यानं पाय वर उचलला आणि तो ईस्ट बंगालच्या हावियर सिव्हेरियोला लागला. थापाच्या नावावर आधीच एक पिवळं कार्ड होतं. दुसरं मिळालं, म्हणजे लाल.

इथं नियमाची बारीक पायरी समजून घ्यायला हवी, कारण ‘त्यानं मुद्दाम थोडंच मारलं’ हा वाद प्रत्येक कट्ट्यावर होतो. पंच हेतू मोजत नाही. तो तीन पातळ्या बघतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केलेली हरकत असेल तर पिवळं. गरजेपेक्षा फार जास्त ताकद, समोरच्याला गंभीर दुखापत होईल अशी, तर थेट लाल. पाय उंच नेला आणि तो कुणाला लागलाच नाही, तर तो ‘धोकादायक खेळ’. त्याला अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे तिच्यावरून सरळ गोल मारला तर मोजत नाहीत. लागला, की थेट फ्री किक आणि वर कार्डाचा विचार. थापाचा पाय लागला होता. पर्वा न करता पाय उचलणं हे पिवळ्यात बसतं आणि आधीच्या पिवळ्याला पंच माफी देत नसतो. त्या स्पर्धेत व्हिडिओ पंच नव्हता. असता तरी तेव्हाच्या नियमांत दुसरं पिवळं कार्ड त्याच्या कक्षेत येत नव्हतं.

म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक पिवळं कार्ड मिळालेल्या मध्यरक्षकाला मध्यंतरानंतर फार वेळ मैदानावर ठेवत नाही. पण बदली करण्यालाही किंमत आहे. सध्याच्या नियमानं पाच बदली खेळाडू उतरवता येतात, मात्र खेळ चालू असताना त्यासाठी तीनच वेळा थांबता येतं. मध्यंतरातली बदली त्यात धरत नाहीत. समजा, एकेक करून तीनदा तीन खेळाडू बदलले. आता दोन बदल्या शिल्लक आहेत, पण थांबे संपले. ८० व्या मिनिटाला कुणाचा स्नायू ताणला, तर बाकावर माणूस बसलेला असूनही दहा जणांनी खेळायचं. हा घोळ गावच्या स्पर्धांत हमखास दिसतो. उपाय सोपा: दोघांना एकदम उतरवा, आणि एक थांबा शेवटपर्यंत राखून ठेवा.

लाल कार्डानंतर बदली मिळत नाही. संघ दहाचाच राहतो आणि त्या खेळाडूला पुढच्या सामन्यालाही मुकावं लागतं. दहा जणांत बहुधा दोन ओळी करतात: मागे चार, त्यांच्यापुढे चार, सर्वांत पुढे एकटा आघाडीवीर. दोन ओळींतलं अंतर दहा-बारा मीटरपेक्षा वाढू द्यायचं नाही. चेंडू कडेला असेल तर अख्खी ओळ त्या बाजूला सरकते आणि दुसरी कड मोकळी सोडते. अकरा जणांच्या संघानं करायचं ते म्हणजे चेंडू एका कडेवरून दुसऱ्या कडेला दोन-तीन पासांत पोचवणं. सहा-सात पास लावले की समोरची ओळ सरकून पुन्हा जागेवर येते. शिवाय एक माणूस जास्त आहे म्हणून दोन्ही बॅक पुढे काढले जातात आणि त्यांच्या मागं मोकळं रान पडतं.

अवघ्या नऊ मिनिटांनी, ७१ व्या मिनिटाला, बागानच्या दिमित्री पेट्राटॉसनं अशी मोकळी जागा वापरली. चेंडू घेऊन तो उजवीकडून धावत सुटला, आत वळला आणि डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, बाहेरूनच डाव्या पायानं फटका मारला. ईस्ट बंगालचा गोलरक्षक प्रभसुखन गिलला तो अडवता आला नाही. इथं बचावपटूंची चूक काय, हे शिकण्यासारखं आहे. डावखुरा खेळाडू उजव्या कडेनं येत असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला, कॉर्नरच्या झेंड्याकडे ढकलायचं असतं. तिथं त्याचा कच्चा पाय चेंडूजवळ येतो. आतली वाट उघडी ठेवून मागे मागे सरकत गेलात, की तो डीच्या तोंडाशी येऊन आवडत्या पायानं मारतो.

पुढची वीस मिनिटं आणि वरचा भरपाईचा वेळ बागाननं दहा जणांत काढला. १–०. कप हिरव्या-मरूनकडे.

गोल पडलाच नसता तर?

०–० राहिलं असतं तर पुढं काय, हे स्पर्धेच्या नियमपुस्तिकेवर अवलंबून असतं. फुटबॉलचे नियम निकाल लावायचे काही मार्ग देतात आणि आयोजक त्यांतून निवडतो. एक मार्ग जादा वेळेचा: जास्तीत जास्त १५ मिनिटांचे दोन भाग. २०२१ ची ड्युरँड फायनल अशीच जादा वेळेत गेली आणि एदू बेदियाच्या फ्री किकवर एफसी गोवानं मोहम्मडनला १–० हरवलं. जादा वेळ असेल तर नियम आणखी एक बदली द्यायची मुभा देतो. दुसरा मार्ग म्हणजे ९० मिनिटं संपली की सरळ टायब्रेकर, जसं २०२३ च्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालचं झालं. सामन्याआधी कर्णधारानं हे माहीत करून घ्यावं. जादा वेळ आहे असं धरून ८५ व्या मिनिटाला बदल्या हातात राखल्या आणि शिट्टीनंतर पंचानं सरळ पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं, तर ताजे पाय बाकावरच राहतात.

टायब्रेकरमध्ये दोनदा नाणं उडतं. पहिलं, कुठल्या गोलपोस्टवर मारायचं यासाठी. दुसरं, आधी कोण मारणार यासाठी. बागान–ईस्ट बंगालसारख्या सामन्यात पहिली नाणेफेक हलकी नाही, कारण एका गोलमागे आपले समर्थक असतात आणि दुसऱ्यामागे त्यांचे. प्रेक्षकांपासून धोका असेल किंवा खुणेजवळची जमीन उखडली असेल, तर पंच स्वतः गोलपोस्ट ठरवू शकतो.

सामना संपताना जे मैदानावर होते तेच मारू शकतात. बाकावरच्या पेनल्टी-तज्ज्ञाला उपयोग नाही, म्हणून ८९ व्या मिनिटाला कुणीतरी धावत आत येताना दिसतो. कोण कितव्या क्रमांकावर मारणार हे पंचाला आधी कळवावं लागत नाही. एकदा मारलेल्यानं, सगळ्यांची पाळी होईपर्यंत, परत मारायचं नाही. आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं: संख्या समान करावी लागते. २०२३ ची फायनल ०–० राहून टायब्रेकरला गेली असती, तर बागानचे दहा आणि ईस्ट बंगालचे अकरा असते. ईस्ट बंगालला एक नाव वगळावं लागलं असतं. नाहीतर अकराव्या फेरीत गंमत झाली असती: दहाच्या संघाचा सर्वांत भरवशाचा माणूस दुसऱ्यांदा मारायला आला असता आणि अकराच्या संघाचा सर्वांत कच्चा, बहुधा गोलरक्षक, पहिल्यांदा. आपलाच एक माणूस गमावून फायदा मिळू नये, म्हणून हा नियम.

प्रत्येकी पाच फटके, आळीपाळीनं. गाठता येणं अशक्य झालं की तिथंच थांबायचं. तीन-तीन फटक्यांनंतर ३–० असेल तर मागच्या संघाकडे दोनच उरले, दोन्ही घातले तरी दोनच होतात. खेळ खलास. पाच-पाच संपून समान असेल तर सडनडेथ: एक फेरी, एकाचा गेला आणि दुसऱ्याचा हुकला, निकाल.

खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. ताशी १०० किलोमीटरचा फटका हे अंतर ०.४ सेकंदांत कापतो. चेंडू पाहून मग झेप घ्यायची म्हटली तर उशीर होतो, म्हणून गोलरक्षक मारणाऱ्याच्या टेकूच्या पायाकडे आणि कमरेकडे बघतो. टेकूच्या पायाचं बोट बहुधा चेंडूच्या दिशेचा पत्ता देतं. फटक्याच्या क्षणी गोलरक्षकाचा निदान एक पाय रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे असावा लागतो. लवकर पुढं उडी मारून अडवलं तर फटका परत, आणि पहिल्या वेळी ताकीद, पुढं पिवळं. मारणाऱ्यासाठीही अट आहे. धावताना लचकणं चालतं, पण धाव पूर्ण करून चेंडूपाशी थबकायचं आणि गोलरक्षक कलंडल्यावर मारायचं, हे नाही. टायब्रेकरमध्ये तसं केलं तर फटका वाया जातो आणि वर पिवळं कार्ड.

३१ ऑगस्ट २०२४ ला बागानला याची दुसरी बाजू दिसली. पुन्हा ड्युरँड फायनल, पुन्हा सॉल्ट लेक. मध्यंतराला २–० अशी आघाडी. नॉर्थईस्टनं उत्तरार्धात तीन-चार मिनिटांच्या अंतरानं दोन गोल फेडले आणि टायब्रेकरमध्ये त्यांचा गोलरक्षक गुरमीत सिंगनं बागानच्या लिस्टन कोलासोचा आणि कर्णधार शुभाशिष बोसचा फटका अडवला. ४–३, नॉर्थईस्ट विजेते. या निकालात एक गंमत आहे. टायब्रेकरचे गोल सामन्याच्या गोलांत धरत नाहीत. आकडेवारीच्या हिशेबात तो सामना २–२ बरोबरीचाच. दरवाजा बंद केला, पण नोंदवहीत बरोबरी आहे तशीच राहिली.

सामना झालाच नाही तर

निकाल न लागण्याचा आणखी एक प्रकार आहे: सामनाच न होणं किंवा अर्ध्यात मोडणं. ९ डिसेंबर २०१२ ला आय-लीगच्या डर्बीत ईस्ट बंगाल १–० असं पुढं होतं. बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं, त्यानंतर प्रेक्षकांतून आलेला दगड बागानच्याच रहीम नबीला लागला. मध्यंतरानंतर बागान मैदानात उतरलं नाही. आधी दोन वर्षांची बंदी आली. नंतर ती मागे घेऊन दोन कोटी रुपये दंड केला आणि मिळवलेले गुण शून्य केले. मैदान सोडण्याचा हिशोब हा असा असतो. तक्रार कितीही रास्त असो, ती पंचाच्या आणि सामना आयुक्ताच्या कागदावर नोंदवायची आणि संघ मैदानातच ठेवायचा.

१८ ऑगस्ट २०२४ चा ड्युरँडमधला गट सामना तर सुरूच झाला नाही. शहरात आर. जी. कर रुग्णालयातल्या अत्याचार आणि खुनाच्या घटनेवरून आंदोलनं पेटली होती, बंदोबस्ताला पुरेसे पोलिस नव्हते. डर्बी रद्द, प्रत्येकी एक गुण. गट सामना होता म्हणून गुण वाटून सुटका झाली. फायनल असती तर दुसरी तारीख, कदाचित दुसरं शहर शोधावं लागलं असतं. त्या संध्याकाळी हिरवे-मरून आणि लाल-पिवळे एकाच रस्त्यावर, एकाच बाजूला उभे राहून घोषणा देत होते. रिकाम्या रांगा मधे न सोडता.

ड्युरँडच्या विजेत्याला तीन करंडक मिळतात. ड्युरँड कप आणि शिमल्याच्या लोकांनी दिलेली शिमला ट्रॉफी हे दोन फिरते असतात, पुढच्या वर्षी परत करायचे. राष्ट्रपतींचा कप कायमचा घरी न्यायचा. २०२३ च्या फायनलला उतरताना दोन्ही क्लबांच्या नावावर सोळा-सोळा ड्युरँड होते. संध्याकाळी ते सतरा आणि सोळा झाले. १९६० आणि १९८२ चे वाटून घेतलेले दोन कप दोघांच्याही हिशोबात धरलेले आहेत. ते वजा करून पाहिलं तर पंधरा आणि चौदा. फरक तोच एकाचा, पेट्राटॉसच्या डाव्या पायाचा.